घरात कोणी माणूस आहे का?

बारामतीहून लोणी देवकरला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये मागची सीट बायकांची. सकाळी एखादी तणतणत चढली की समजायचं, कालची सुट्टी हिची काहीतरी दुरुस्त करून घेण्यात गेली! एकीचं सांगून होईपर्यंत दुसरीला तिचं आठवतं. किस्से संपतच नाहीत, कारण अशी माणसं संपत नाहीत!

*

सुरुवात माझ्यापासून. माझी स्कूटर चढाला धापा टाकायला लागली, म्हणून सर्व्हिसिंगला नेली. काउंटरवरचा म्हणाला, "साहेब नाही आले?"

"गाडी माझी आहे. मीच चालवते."

"तरी प्रॉब्लेम काय आहे ते साहेबच नीट सांगतील. फोन लावा ना."

लावला. स्पीकरवरच ठेवला. आमचे साहेब म्हणाले, "मला काय विचारता? मी मागं बसतो!"

*

वैशाली आमच्याकडे मेंटेनन्स इंजिनिअर आहे. बाहेरून मशीन दुरुस्तीला आलेला गृहस्थ तिला बघून म्हणाला, "मॅडम, जरा चहा सांगा आणि इंजिनिअरना बोलवा."

"मीच इंजिनिअर आहे."

त्यानं इकडंतिकडं बघितलं. "बरं. मग चहाचं कुणाला सांगू?"

*

ही वैशाली फ्लॅटवर एकटीच राहते. वॉटर फिल्टरसाठी तिनं मुद्दाम रजा टाकली. टेक्निशियन आला तो दारातूनच, "घरात कोणी नाही का?"

"मी आहे की!"

"तसं नाही हो. कोणी माणूस?"

ती काही बोलणार, एवढ्यात त्यानं मोबाईलवर बोट फिरवलं. हिच्या हातातला फोन वाजला. 'ग्राहक घरी उपलब्ध नाही. भेट रद्द.'

तो समोर उभा! ही समोर उभी!

*

पुरुषांनाही सोडत नाहीत बरं का. आमच्या सीटवरच्या सुनंदाच्या घरी स्वयंपाक तिचा नवरा करतो. मिक्सर जळाला, म्हणून तोच घेऊन गेला. दुकानदार म्हणाला, "वहिनींना पाठवा. त्या काय वाटत होत्या ते विचारायचंय."

"शेंगदाण्याची चटणी. मीच वाटत होतो."

दुकानदार काउंटरवरून पुढं झुकला. "हळू बोला की! गिऱ्हाइकं आहेत."

*

आणि सुनंदाच्या सासूबाई, आक्का. कोऱ्हाळ्याला असतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली; ऊस त्या एकट्या करतात. ऐन उन्हात विहिरीवरची मोटर जळाली. बारामतीला रिवाइंडिंगवाल्याकडं नवी तार गुंडाळून घ्यायला टाकली, तर तो मोटर खोलायलाच तयार नाही.

"आक्का, मालकाला पाठवा. मागनं खर्चावरनं भांडणं हुत्यात."

"मीच मालक हाय."

"तसं न्हाय, घरातल्या माणसाशी बोलल्याबिगर आमी खोलत न्हाय."

आक्का दुसऱ्या दिवशी गेल्या. तेच. तिकडं उसाचे शेंडे पिवळे पडायला लागलेले. रात्री त्या जेवल्या नाहीत. सुनंदा फोनवर म्हणाली, "ह्यांना पाठवू का? नाहीतर मी येते उद्या, बघते त्याच्याकडं." आक्का म्हणाल्या, "लेकाला नगं धाडू. तू कामावर जा."

सकाळी त्यांनी भिंतीवरचा नवऱ्याचा फोटो काढला. हार होता तसाच ठेवला. पदराखाली धरून एसटीनं बारामती गाठली, भर गर्दीत दुकानात शिरल्या आणि फोटो काउंटरवर उभा केला.

"ह्ये बघा, आलं मालक. काय इचारायचं ते इचारा."

दुकानदार हात जोडून उभा.

आक्का म्हणाल्या, "इचारा की! पर जरा दमानं घ्या. त्ये पयल्यापास्नंच कमी बोलत्यात."