विसणाची बादली

दुबईजवळच्या अल ऐनमधल्या एका मोठ्या बंगल्यामागे दोन खोल्यांचं बैठं घर होतं. त्यात बंगल्याच्या मालकाची म्हातारी आई आणि तिचं उठणं-बसणं, न्हाणं-खाणं बघणारी मी, अशा दोघीच राहायचो. घरातल्या मोठ्या बाईला तिथल्या कामवाल्या ‘मामा’ म्हणतात. सत्तरी उलटलेल्या बाईला मी मामा म्हणते हे फोनवर सांगितलं, तेव्हा गावाकडे भाचरांची हसून पुरेवाट झाली. मला मात्र सवय झाली. दिवसभरात दुसऱ्या कुणाला हाक मारायची वेळच यायची नाही.

बोलणार तरी काय? तिला अरबी, मला मराठी, आणि मधे दोघींच्या वाटणीचं मोडकंतोडकं हिंदी. शुक्रवारी नातवंडं यायची, आजीच्या कपाळाचा मुका घ्यायची, मी काही विचारलं तर इंग्रजीत उत्तर फेकून पळायची. बाकी सगळा आठवडा एसीची घरघर. नवरा गेला तेव्हाही मला इतकं एकटं वाटलं नव्हतं, कारण तेव्हा निदान रडायला चार बायका जमल्या होत्या.

उन्हाळ्यात तिथे अंघोळीची तऱ्हाच उलटी. टाक्या गच्चीवर, भर उन्हात. थंड पाण्याचा नळ सोडला तरी हात पोळायचा. आपल्याकडे कढत पाण्यात विसण घालायला गार पाणी असतं. इथे विसणालाच चटके! म्हणून रोज संध्याकाळी मी एक बादली भरून एसीच्या खोलीत, मामाच्या पलंगाशेजारी ठेवायचे. सकाळपर्यंत ते पाणी छान निवायचं. मग बादली न्हाणीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवायची, तिला आत नेऊन बसवायचं, नळाचं पाणी आधी माझ्या मनगटावर घ्यायचं, आणि ‘विसण घालू ना?’ असं विचारत तांब्यातांब्याने बेताचं करायचं. तिची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. जरा कढत लागलं असतं तर फोडच उठले असते.

अंघोळ झाली की उठताना ती दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकायची. गुडघे सरळ होईपर्यंत कपाळ माझ्या खांद्यावर टेकून उभी राहायची आणि पुटपुटायची, “शुवै शुवै, बिंती.” सावकाश, पोरी. पन्नाशीच्या बाईला पोरी म्हणणारी तेवढी एकच उरली होती. स्पष्टच सांगते, त्या क्षणासाठी मी सकाळची वाट बघायचे. त्या देशात मला हात लावणारं दुसरं माणूस नव्हतं.

एकदा दवाखान्यातली सिस्टर, मामाला घरात पडाझडीचा धोका नाही ना, ते बघायला आली. केरळची होती, बोलायला गोड. पलंगाजवळची बादली बघून म्हणाली, “दीदी, ये बहुत डेंजर है. मामा का वॉकर अटकेगा, गिर जाएगी.” खोटं कशाला बोलू, तिचं बरोबरच होतं. आठ-पंधरा दिवसांत मामाच्या मुलाने सगळं करून घेतलं. टाक्यांवर छप्पर आलं, गरम-गार आपोआप बेताचं करणारा नळ आला, भिंतीला धरायचे दांडे, खाली रबराची चटई, बसायला पायांना रबर लावलेली खुर्ची. बादली मागच्या अंगणात खजुराच्या झाडाला पाणी घालायला गेली.

“अब मामा खुद नहाएगी,” सिस्टर म्हणाली. “आप बाहर बैठो. बुलाएगी तो ही जाना. उनका भी प्राइवसी है ना?”

तेव्हापासून मी न्हाणीच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसू लागले. दार नुसतं लोटलेलं असायचं. आतून पाण्याचा आवाज यायचा, मग दांड्यावर तिच्या अंगठीचा टक्क आवाज. म्हणजे उठली. बाहेर यायची ती कपडे घालूनच, वॉकर धरून, माझ्याकडे बघून हसायची आणि पुढे जायची. बंगल्यात सगळे खूश. मीही हसायचे, आणि तिच्या अंथरुणाच्या घड्या घालताना डोळे पुसायचे. तिला जमतंय याचं मला वाईट वाटत होतं. काय म्हणावं या मनाला!

आणि मग एका सकाळी आतून ओरडा आला. “हार! हार!” हार म्हणजे गरम. नळ बिघडला, म्हातारी भाजली, आता हिला दवाखान्यात ठेवणार, असं सगळं एका दमात मनात आलं. दार ढकलून धावले आणि धारेखाली हात घातला.

पाणी अगदी बेताचं होतं. तिच्या अंगावर कुठे लालीसुद्धा नव्हती.

हातात साबण धरून मामा भिंतीकडे बघत बसली होती. माझ्याकडे न बघता तिने पूर्वी बादली असायची त्या कोपऱ्याकडे बोट केलं.

“विसण,” ती म्हणाली.

मी रोज म्हणायचे तो शब्द. तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. मी माझा तांब्या आणला, त्याच नळाखाली भरला आणि तिच्या पाठीवर हळूच ओतला. तिने डोळे मिटले आणि ओला हात माझ्या मानेवर ठेवला.

“खलास?” मी विचारलं.

“ला,” ती म्हणाली. नाही.

मी पुन्हा तांब्या भरला.

दुसऱ्या दिवशी बाहेर स्टुलावर बसताना मी तांब्या बरोबरच घेतला.