खाऱ्या पाण्याची तीन रिळं

आमचा मुलूख आधी निजामाच्या हातून सुटला, मग मुंबई राज्याला जोडला गेला, मग महाराष्ट्र झाला. एवढ्या उलथापालथीत परंड्यात काय काय आलं! नवे साहेब आले, नव्या पाट्या आल्या, शेर जाऊन किलो आला. समुद्र तेवढा आला नाही. मुंबईला जोडलं म्हणजे थोडा समुद्रही वाट्याला येईल, असं मी चारचौघांत बोललो होतो. लोक हसले, आणि तेवढ्यावर मी खूश झालो. हसवणं हा माझा जोडधंदा होता. मूळ धंदा दुरुस्तीचा.

बसथांब्याजवळ माझं दुकान होतं. दुकान म्हणजे एक फळी, एक स्टूल आणि वर पाटी: ‘सर्व प्रकारची यंत्रे दुरुस्त होतील.’ यंत्रं गावात तीनच प्रकारची होती. घड्याळ, स्टोव्ह आणि शिवणयंत्र. त्यामुळं ‘सर्व प्रकारची’ लिहायला भीती नव्हती. ती भीती एका बाजारच्या दिवशी, जुन्या चादरीत बांधून, खाला घेऊन आल्या.

खाला आमच्या गल्लीच्या टोकाला राहायच्या. खाला म्हणजे मावशी; सगळं गाव त्यांना खालाच म्हणायचं. त्यांचा एकुलता एक मुलगा मुंबईला जाऊन बोटीवर खलाशी झाला होता. गावातून निघाला तो दिवस मला आठवतो, कारण त्याच्या पायांत नव्या वहाणा होत्या. त्या काळी वहाण करकरली पाहिजे, असा तरण्या पोरांचा हट्ट असायचा. यानं तर वहाणा शिवणाऱ्याला बजावलं होतं, की तेल पाजू नको, आवाज जाईल. तो बसकडं निघाला तेव्हा दोन्ही अंगाच्या घरांतून लोक बाहेर डोकावले. करकर, करकर. जणू वाजंत्री लावून चाललाय.

चार वर्षांनी एका वादळात तो बोटीवरून पाण्यात गेला. बोट परत आली. त्याची ट्रंक परत आली. तो आला नाही.

ट्रंकेत कपडे होते आणि ही तीन यंत्रं होती.

खालांनी चादर सोडली. मी पाहतच राहिलो. शिवणयंत्राचं पिल्लू म्हणावं तर सुई नाही. पतंगाची चरखी म्हणावी तर दांडा वाकडा. प्रत्येकाला एक रीळ, त्याच्यावर पारदर्शक दोरा, बाजूला मूठ. एक काळं आणि वजनदार. दुसरं करड्या रंगाचं, मध्यम. तिसरं हिरवं, पत्र्याच्या खेळण्यासारखं.

“बेटा, ही मासे धरायची हायेत म्हणं,” खाला म्हणाल्या. “बंधाऱ्याच्या कामावरला साहेब दोन घ्यायला तयार हाय. माझ्या घराचं मातीचं माळवद बसायला आलंय, त्याला पैसा पायजे. तू बघ, कोणतं चांगलं, कशाचं काय मोल.”

“बघतो की. पण खाला, दोनच का? तिन्ही देऊन टाका.”

त्यांनी चादरीच्या सुरकुत्या सारख्या केल्या. मग म्हणाल्या, “ह्यातलं एक त्याच्या हातचं हाय. त्याच्या बोटीवरल्या जोडीदारानं सांगितलं, पोरगा रोज सांजच्याला बोटीच्या काठाला बसून मासं धरायचा. दोन इकायसाठी घेतलेली, एक त्याचं सोताचं. पर कोणतं, ते काय त्या जोडीदाराला ठाव न्हाय. त्याची माती न्हाय मला, कबर न्हाय. तेवढं एक ठेवीन म्हणते. तू कारागीर हाईस. तुला कळंल.”

मी छातीवर हात ठेवून म्हणालो, “खाला, यंत्र माझ्याशी बोलतं. तीन दिवसांत सांगतो.” असं नाटकी बोलायची मला खोडच होती. खाला मात्र नाटक समजल्या नाहीत. त्यांनी ते खरं धरलं.

हिरव्या यंत्राबरोबर एक खोका होता. त्यावरचं इंग्रजी मी अक्षर जुळवून वाचलं. सॉल्ट म्हणजे मीठ, वॉटर म्हणजे पाणी. यंत्र खाऱ्या पाण्याचं! आता माझी गंमत बघा. परंड्याचा माणूस जन्मापासून दोनच पाणी ओळखतो, गोडं आणि खारं. गोडं प्यायचं. आणि खारं म्हणजे गावाबाहेरची खारी बारव, पायऱ्यांची विहीर. तिच्या पाण्याला जनावरसुद्धा तोंड लावत नसे. खाऱ्या पाण्याचं यंत्र आहे, तर ते खाऱ्या पाण्यात तपासायला नको? माझ्या उस्तादांची शिकवण होती की चालतं यंत्र आधी चालवून बघायचं, उघडायचं नंतर. समुद्र हेसुद्धा खारं पाणीच असतं, हे मला ठाऊक होतं. पण ते वेळेवर आठवायला समुद्र एकदा तरी पाहिलेला असावा लागतो.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी बारवेत उतरलो. दुपारी बाराला त्या बारवेत कुणी थांबत नसे. का, ते कुणी सांगत नसे. मी थांबलो, कारण पाहायला कुणी नसलं की माझी कारागिरी जास्त खुलते.

एकेक यंत्र आधी त्या पाण्यात बुचकळलं, मग बांबूला बांधलं, दोऱ्याला किराणावाल्याकडचं जुनं वजनाचं माप बांधलं आणि फेकलं. काय युक्ती होती हो त्या यंत्रात! पतंगाच्या चरखीत सगळी चरखी फिरते. इथं रीळ जागच्या जागी उभं, आणि तारेची एक कमान त्याच्याभोवती फिरून दोरा गुंडाळते. देव जागेवर आणि ओवाळणारी आरती घेऊन फिरते, तसं. ज्याच्या डोक्यातून हे निघालं त्याला मी त्या पायरीवर उभा राहून सलाम केला.

आता निकाल. काळं यंत्र सगळ्यांत उंची. मूठ फिरवा, आवाज नाही. दोरा वर-खाली सारखा बसतो, जसा चांगल्या शिंप्याच्या हातचा टाका. करडं दिसायला देखणं, पण आतून कर्रर्र वाजणारं, आणि दोरा एकाच टोकाला ढीग करून ठेवणारं. हिरव्याची मूठ डगडगणारी, कमान अडखळणारी. फक्त हलकं आणि स्वस्त. काळ्याच्या मोलात हिरवी चार यावीत.

काळं यंत्र बांबूसकट पायरीवर ठेवून, दोरा पाण्यातच सोडून, मी पाठमोरा भाकरी खायला बसलो. दोन घास खाल्ले असतील. मागून आवाज आला. करकर. करकर.

कुणीतरी पायऱ्या उतरत होतं. नव्या वहाणा घालून, सावकाश.

मी वळलो नाही. घास तोंडात तसाच. करकर. मग थांबलं. मग पुन्हा, जास्त जवळ. मी मोठ्यानं म्हणालो, “कोण हाय?” बारवेनं माझाच प्रश्न मला परत विचारला. वळून पाहिलं तर पायऱ्या रिकाम्या. बांबू तेवढा पाण्याच्या बाजूला सरकलेला, आणि दोरा ताठ.

खाली काहीतरी ओढत होतं. कासव असेल. त्या बारवेत कासवं होती. असेल. मी तिन्ही यंत्रं ओली तशीच उपरण्यात गुंडाळली आणि ज्या वेगानं वर आलो त्या वेगानं आयुष्यात कधी कुठली बसही पकडली नाही. गठुडं दुकानात फेकलं आणि घरी जाऊन पडलो. भाकरी बारवेतच राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बंधाऱ्यावरचे साहेब दुकानात आले. कोकणातले, गोरेपान, मिस्कील.

“काय कारागीर, झाली का परीक्षा?”

मी निकाल सांगितला. काळं, करडं, हिरवं. त्यांनी मान डोलावली.

“अगदी बरोबर. आणि म्हातारीच्या मुलाचं कोणतं?”

“तेच तर कळंना, साहेब.”

“अहो, त्यात काय कळायचंय? उघडा. समुद्रावर वापरलेल्या यंत्रात मीठ शिरतं, कितीही पुसा. ज्याच्या आत मीठ, ते त्याचं.”

मला बारव आठवली. तरी हसतमुखानं पेचकस घेतला. काळं उघडलं. दातेरी चक्रांवर पांढरा थर. करडं उघडलं. पांढरा थर. हिरवं उघडलं. तिथंही.

“तिन्हींत?” साहेब म्हणाले. “तुम्ही यांना धुतलंत की काय कशात?”

“खाऱ्या बारवेत तपासली,” मी म्हणालो. “खोक्यावर खारं पाणी लिहिलंय.”

साहेब इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मीही हसलो. हसायची सवयच होती ना. पण हसता हसता माझ्या ध्यानात आलं, की एका आईला ओळख पटवणारी खूण मी माझ्या हातानं पुसली होती.

दुपारी यंत्रं न्यायला साहेब पुन्हा आले, आणि पाठोपाठ खाला आल्या.  नुसत्या स्टुलावर बसल्या आणि माझ्या तोंडाकडं पाहू लागल्या.

“मला कळलं नाही” हे तीन शब्द त्या वेळी मी बोलायला हवे होते. ‘सर्व प्रकारची’ पाटी डोक्यावर होती. समोर साहेब होते. मी हिरवं यंत्र उचललं, दोन्ही हातांवर धरलं, आणि म्हणालो, “खाला, हे.”

“कशावरनं?”

“गरिबाचं पोरगं उंची वस्तू दुसऱ्यासाठी ठेवतं. स्वतः स्वस्तातली वापरतं. बघा, मूठ किती झिजलीय.”

मूठ झिजलेली नव्हती, ती कारखान्यातूनच डगडगती आली होती. पण हिशोब सोयीचा होता. महागातली दोन विकली गेली तर माळवद पुरं होणार. खालांनी हिरवं यंत्र पदरात घेतलं आणि त्याच्यावरून असा हात फिरवला, जसा ताप बघायला कपाळावरून फिरवतात. साहेब काळं आणि करडं घेऊन गेले. माळवद झालं. आणि माझ्या मागं वहाणा लागल्या.

खोटं सांगत नाही. दुकान आवरताना मागून करकर. पाणवठ्यावर करकर. वळावं तर कुणी नाही. मित्रांना मी हे रंगवून सांगायचो, हावभाव करून, आणि ते पोट धरून हसायचे. घरी जाताना मात्र गल्लीचं ते टोक मी टाळायचो. खाला दारात हिरवं यंत्र मांडीवर घेऊन बसलेल्या असायच्या. मला पाहून उठायच्या. “ये बेटा, चहा घे.” मी घाईत असायचो. वर्षभर मी घाईत होतो.

मग साहेब पुन्हा आले. काळं यंत्र घेऊन.

“मासा ओढू लागला की हे धक्के देतं, आणि ओरडतं. बघा जरा.”

“ओरडतं?” मी म्हणालो. “हे तर मुकं होतं.”

“मूठ फिरवताना मुकंच. दोरा बाहेर ओढला जातो तेव्हा ओरडतं.”

ते गेल्यावर मी यंत्र फळीवर ठेवलं, दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळलं आणि ओढलं.

करकर.

भर बाजारात, दिवसाउजेडी, मी वळून मागं पाहिलं. पुन्हा ओढलं. करकर. बारवेच्या पायऱ्या उतरणारा आवाज माझ्या हातात होता.

रिळाच्या माथ्यावर एक चक्री असते. गेल्या वेळी मी ती नुसता स्क्रू समजून सोडून दिली होती. आता ती काढली. तिच्याखाली चकत्यांची चवड होती. मासा जोरात ओढतो तेव्हा रीळ त्या चकत्यांवर घसरतं, म्हणजे दोरा तुटत नाही. पितळेची चकती, मग कारखान्याची गुळगुळीत चकती, मग पुन्हा पितळेची. आणि सगळ्यांत खाली एक हातानं कापलेली. जाड चामड्याची, कडा वेड्यावाकड्या. मधलं भोक आरीनं पाडलेलं. कडेला टाक्याची दोन जुनी छिद्रं, आणि त्यांत अजून अडकलेला आमच्याकडच्या शिवणीचा तांबडा दोरा.

कारखान्याची एक चकती झिजल्यावर खालांच्या पोरानं बोटीवर बसून स्वतःची वहाण कापली होती. तेल न पाजलेली.

मी ती चकती तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिली. उंची वस्तू त्यानं स्वतःसाठीच ठेवली होती. का ठेवू नये? गरिबाच्या पोराला चांगल्या यंत्राची पारख नसते, हे मला कुणी सांगितलं होतं?

साहेबांच्या यंत्रात मी घड्याळाच्या पट्ट्याची नवी चकती कापून घातली. उत्तम बसली, बिलकूल ओरडली नाही. साहेबांनी शाबासकी दिली. तीही मी घेतली.

त्या संध्याकाळी मी खालांच्या दारात उभा राहिलो. “यंत्राला तेल द्यायला आलोय,” म्हणालो. त्यांनी चहा ठेवला. तेवढ्यात मी हिरव्या यंत्राची चक्री काढली, चामड्याची चकती आत बसवली आणि वरून आवळली. ती त्या यंत्राची नव्हती, जरा मोठीच होती. कडेनं किंचित तासावी लागली. 

खाला चहा घेऊन आल्या. सगळं सांगून टाकावं असं पार ओठांपर्यंत आलं होतं. तुमच्या पोराचं यंत्र मी विकायला लावलं, असं. पण मी दोऱ्याचं टोक त्यांच्या हातात दिलं.

“खाला, हे जरा ओढून बघा.”

त्यांनी ओढलं. करकर. करकर.

खाला यंत्राकडं पाहायला विसरल्या. त्यांनी मान वळवली आणि दाराकडं पाहिलं. पदर डोक्यावर सावरला. दोरा हातातून न सोडता, अर्धवट उठल्या.

मीही दाराकडं पाहिलं.