मालकांचा पासवर्ड
"आत्या, आता सगळं पुसावं लागणार," सून म्हणाली. तिचं दोन वर्षांचं शाळेचं काम त्या कॉम्प्युटरमध्ये होतं आणि तिचं खातं बंद पडलं होतं. ते उघडायला मुख्य खातं लागत होतं. ते माझ्या मालकांचं. मालक वारले, पासवर्ड कुणाला सांगितला नाही.

पासवर्ड चुकला की खाली त्यांनी लिहिलेली खूण दिसायची: बायकोचं नाव. सुनेनं माझं नाव आकडे लावून, आकडे काढून, सगळ्या तऱ्हांनी घालून पाहिलं. उघडलं नाही.

"मामांना दुसरी बायको होती का काय?"

"असती तर लई बरं झालं असतं. भाकरी थापायला दोघी झालो असतो."

मग मला आठवलं. लग्नात याच माणसानं तांदळाच्या ताटात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं होतं. माहेरचं नाव त्या दिवशी संपलं. पुढं पन्नास वर्षं त्यांनी मला "अगं" म्हणूनच हाक मारली.

"माहेरचं टाक," मी म्हणाले आणि सुनेला ते नाव सांगितलं. सांगताना माझीच जीभ अडखळली.

कॉम्प्युटर उघडला. तिचं काम जसंच्या तसं होतं. सून हसत सुटली. मी पडद्याकडं बघतच राहिले. हा माणूस रोज सकाळी ते नाव लिहीत होता आणि मी शेजारी बसून भाजी निवडत होते.

त्या नावाची बाई मीच.