काशीला पाठवायचा फोटो

चांगला निघालेला फोटो लोक घरी घेऊन जातात, काच लावून भिंतीवर टांगतात आणि तिथे त्याची गोष्ट संपते. न निघालेल्या फोटोचा किस्सा मात्र आपल्याच गळ्यात राहतो. आम्ही तिघांनी सें पिएर या आमच्या बेटावरच्या गावात पंधराएक वर्षं घरच्या घरी फोटो काढले, धुतले आणि छापले. तेव्हा माझ्याकडे किस्से किती साचले असतील, याचा अंदाज तुम्हीच करा!

तिघे म्हणजे मी, माझा चुलतभाऊ शिवाभाऊ आणि गास्तों. मी सरकारी शाळेत मराठी शिकवायचो. शिवाभाऊ साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासायचा, म्हणून रसायनं मोजायचं खातं आपोआप त्याच्याकडे गेलं. गास्तों हा शेजारचा क्रेओल, म्हणजे मिश्र वंशाचा, म्हातारा. तो पूर्वी रोझ हिलच्या एका स्टुडिओत काळ्यापांढऱ्या फोटोंवर हाताने रंग भरायचा, त्यामुळे आमच्यात उस्ताद तोच.

अंधारखोली म्हणजे माझ्या आईचं स्वयंपाकघर. पत्र्याचं, अंगणापलीकडचं, बिनखिडकीचं. रविवारी दुपारची जेवणं झाली की आई चूल विझवायची. आम्ही दाराला घोंगडी लावून लाल दिवा पेटवायचो, आणि पुढचे दोन तास ती बाहेर पायरीवर तांदूळ निवडत बसायची. स्वतःच्या स्वयंपाकघरातून तिला आम्ही दर रविवारी हाकललं, आणि तिने एकदाही कुरकुर केली नाही.

माझी धाकटी बहीण काशी तेव्हा इंग्लंडला नर्सिंग शिकत होती. सत्तरच्या दशकात आमच्या गावागावांतून पोरं-पोरी त्यासाठी जायची. दर महिन्याला तिचं पत्र यायचं आणि शेवटची ओळ ठरलेली: दादा, आईचा एक फोटो पाठव. मागणं एवढंच होतं, आणि फोटोग्राफर आम्ही तीन होतो. हे सगळे किस्से हसत सांगतो खरा, पण त्या एका ओळीची मला आजही लाज वाटते.

*

पहिला प्रयत्न गणेशचतुर्थीचा. आई मूर्तीशेजारी प्रसादाचं ताट घेऊन बसली होती, मी चार-पाच फोटो काढले. पण रोल महाग, पुरता संपल्याशिवाय धुवायचा नाही असा आमचा नियम. तो संपेपर्यंत डिसेंबर उजाडला, म्हणजे आमच्याकडे भर उन्हाळा, आणि छपरावरच्या टाकीतलं पाणी उन्हाने चहाला चालेल इतकं तापलं.

पुस्तकात लिहिलं होतं, पाणी वीस अंशांवर हवं. शिवाभाऊने ऐटीत कारखान्यातला थर्मामीटर आणला, बादलीत बुडवला आणि जाहीर केलं की पारा जागचा हललेला नाही, म्हणजे पाणी गारेगार आहे. आम्ही विश्वास ठेवला. आता तो थर्मामीटर होता उकळत्या पाकाचा. त्याचे आकडेच चाळिसापासून सुरू व्हायचे. त्याखालचं सगळं त्याच्या लेखी थंड!

फिल्म डब्यातून काढली तर वरचा थर दुधावरच्या सायीसारखा सरकत सरकत बादलीत पडला. गणपती गेला, प्रसाद गेला, आई गेली. माझ्या हातात नुसती नितळ पट्टी राहिली. आईने ती उजेडात धरून इकडून तिकडून पाहिली.

"मी कुटं गेले रं?"

"काकी, गनपतीसंगं तुजंबी विसर्जन झालं," शिवाभाऊ म्हणाला.

ती हसून हसून पायरीवर बसली. काशीला मी लिहिलं, फोटो पुढच्या महिन्यात.

*

त्यानंतर आम्ही शहाणे झालो आणि रविवारी बर्फवाल्याकडून बर्फ आणायला लागलो. पण एकदा फिल्म धुताना मधल्या टप्प्याचं आम्ल संपलं. शिवाभाऊ म्हणाला, व्हिनेगर चालतं. फळीवर आईची बाटली होती, लोणच्यासाठी आणलेली. आम्ही ती सगळी ओतली, काम झाल्यावर बाटलीत पाणी भरून जागेवर ठेवली आणि सांगायचं विसरलो.

आईने त्या पाण्यात आंब्याचं लोणचं घातलं. आठवड्यात त्याला बुरशी आली. तिला वाटलं आपलाच हात बिघडला, वय झालं. ती शेजारणीला तसं सांगताना मी ऐकत उभा होतो आणि तरी मी बोललो नाही. त्या दिवशी धुतलेला रोल उसाच्या गाडीचा होता. फोटो सुंदर आले होते.

*

मग गास्तोंने सूत्रं हातात घेतली. त्याने आईला पपनसाच्या झाडाखाली बसवलं, पदर नीट केला, एकच फोटो काढला, आणि तो असा काही उतरला की आम्ही तिघे लाल उजेडात एकमेकांच्या पाठी थोपटत होतो. आई जशी होती तशी. जराशी संशयाने बघणारी, पण हसू आवरलेली. मी म्हटलं, उद्याच पोस्टात टाकतो.

गास्तों म्हणाला, असा कोरा पाठवायचा नाही, मी रंग भरून देतो. तीन दिवस तो फोटो त्याच्याकडे होता. चौथ्या दिवशी टोपी काढून त्याने पाकीट आईच्या हातात दिलं.

"अला, आस्तेर ली ब्यें झोली." बघा, आता कशी सुंदर झाली.

गास्तोंची सगळी हयात मळेवाल्या गोऱ्यांच्या बायकामुलांचे फोटो रंगवण्यात गेली होती. त्याचा हात त्या वळणालाच गेलेला. आईचे गाल गुलाबी होते, ओठ लाल होते आणि डोळे लख्ख निळे!

आई बराच वेळ बघत राहिली. मग तिने विचारलं, ही मडाम कोन? त्याचं मन राखायला तिने त्याला चहा केला, फणसाची भाजी बांधून दिली. तो फाटकाबाहेर पडल्यावर पाकीट उचललं आणि चुलीत टाकलं. काशीने बघितलं तर तिला वाटेल तिच्या मागं तुमी दुसरी कुनी आई आनली, असं म्हणाली.

मला काही वाटलं नाही, कारण निगेटिव्हवरून दुसरी प्रत काढता येते. संध्याकाळी शोधायला लागलो तेव्हा कळलं, गास्तोंने निगेटिव्हही त्याच पाकिटात घातली होती.

*

हा पुढचा किस्सा मी गप्पांत सांगत नाही. पण सांगायला बसलोच आहे तर लपवू कशाला.

काशीने पहिल्या पगारातून आईसाठी लोकरीचं जाकीट पाठवलं. जाड, तपकिरी, लाकडी बटणांचं. सोबत पत्र: हे घालून फोटो काढ दादा, तिला बसतं का ते मला बघायचं आहे. आमच्याकडे ते वर्षातून पंधरा दिवस अंगावर सोसलं असतं. पण आई म्हणाली, पोरीनं धाडलंय, घालनार.

रविवार ठरला. त्या दिवशी पहाटे मी बाहेर डोकावलो तर उसाला तुरे आलेले, आणि त्यावर असा तिरपा उजेड की माझं डोकंच फिरलं. फोटोचा नाद ज्याला आहे त्याला हे कळेल. कॅमेरा घेतला, शिवाभाऊच्या मोटरसायकलवर बसलो आणि आम्ही थेट लालमती गाठली. दहापर्यंत येतो, असं आईला सांगितलं. आलो तेव्हा दोन वाजत आले होते.

आई पपनसाच्या झाडाखाली खुर्चीवर बसली होती. अंगात जाकीट, सगळी बटणं लावलेली, मानेवरून घाम वाहत होता. काढलं असतं तर चुरगळलं असतं म्हणून तिने ते काढलं नव्हतं. मी कॅमेरा उचलला आणि बघितलं. रोल संपला होता. छत्तीसच्या छत्तीस तुरे.

"देमें, आये," मी म्हणालो. उद्या.

"बरं," ती म्हणाली आणि एकेक बटण काढायला लागली.

तो उद्या आला नाही. दुसऱ्या दिवशी शाळा होती, नंतर रोल मिळाला नाही, मग पाऊस लागला. तुऱ्यांचा फोटो मात्र मी मोठा करून काशीला पाठवला, मागे तारीख-बिरीख घालून. तिचं उत्तर आलं: दादा, उसाचे तुरे मी बघितलेले आहेत.

*

दरम्यान आमचं नाव झालं होतं ते भलत्याच कामासाठी. कुणाच्या घरी माणूस गेलं की तेराव्याला पाटावर ठेवायला फोटो लागतो, आणि जुन्या माणसांचे स्वतंत्र फोटो कुठले असायला? मग लोक लग्नातला एखादा घोळक्याचा फोटो घेऊन आमच्याकडे यायचे. आम्ही त्यातला नखाएवढा चेहरा उचलून वीतभर करून द्यायचो.

लाँग माउंटनहून एक जण आला. घाईत होता. फोटोवर बोट ठेवून म्हणाला, हा माझा बाप, फेटेवाला. आणि गेला. आम्ही फेटेवाला मोठा केला, गास्तोंने सुरकुत्या पुसल्या, शिवाभाऊने फ्रेम केली. तेराव्याला आम्हालाही जेवायला बोलावलं. आम्ही मांडवात शिरतो न शिरतो तोच समोरून तो फेटेवाला चालत आला! मयताचा साडू. फोटोत फेटे दोन होते.

म्हातारा पाटापुढे उभा राहिला. गळ्यात हार घातलेला आपलाच चेहरा त्याने नीट न्याहाळला, मग वाकून नमस्कार केला आणि पंगतीत जाऊन बसला. तो पुढे कितीतरी वर्षं जगला आणि ज्याला त्याला आमच्या फोटोचा गुण सांगत राहिला.

हे ऐकून आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हसणं ओसरल्यावर मला म्हणाली, माज्या वेळेला नीट बग रं बाबा. मी म्हटलं, तुझा तर मी जिवंतपणीच काढणार आहे. काशीची पत्रं येतच होती. आता ती शेवटच्या ओळीत फोटो मागत नव्हती. आई कशी दिसते आता, एवढंच विचारायची.

*

आई गेली ती ऐंशीच्या दशकात, एका जुलैत. चार दिवस ताप आला आणि आटोपलं. काशी आली ती अकराव्या दिवशी, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. घरात शिरल्या शिरल्या तिने भिंतींवर नजर फिरवली. भिंतींवर डोंगर होते, समुद्र होता, तुरे होते. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

तेराव्याला पाटावर काय ठेवायचं? साऱ्या गावाच्या मेलेल्यांचे फोटो आम्ही केले आणि आमच्या घरात आईचा एक नव्हता. मी, शिवाभाऊ, गास्तों, तिघांनी सगळी पाकिटं उपसली. एखाद्या लग्नात मागच्या रांगेत असेल, एखाद्या दारात उभी असेल. नव्हती. आम्ही फोटो काढायचो तेव्हा ती आमच्या मागे असायची, नाहीतर रांधत असायची.

शेवटी पासपोर्टच्या निगेटिव्हचा डबा राहिला. त्यात आई असायचं कारण नव्हतं, म्हणून तो कुणी उघडलाच नव्हता. गास्तोंने सहज एक पट्टी उजेडात धरली आणि तशीच धरून राहिला.

"गेत सो लामें," तो हळूच म्हणाला. तिचा हात बघ.

इंग्लंडला जाणाऱ्या सगळ्या पोरांचे पासपोर्ट फोटो आम्हीच काढायचो. मागे पांढरं लागतं, आणि आमच्याकडे तर पत्र्याची भिंत. म्हणून आई स्टुलावर चढायची आणि पांढरी चादर दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरून चादरीच्या मागे उभी राहायची. दोरीवर टाकलेली चादर वाऱ्याने फडफडते, आईच्या हातातली फडफडायची नाही. प्रत्येक निगेटिव्हमध्ये चादरीच्या वरच्या काठावर तिची बोटं होती. छापताना मी ती चौकटीबाहेर घालवायचो, आणि जराशी उरलीच तर कात्रीने कापून टाकायचो. पंधरा वर्षं मी हे इतक्या सफाईने केलं की माझ्याच लक्षात राहिलं नाही.

आम्ही काशीचाच फोटो निवडला, कारण त्यात बोटं सगळ्यात स्पष्ट होती. दाराला घोंगडी लावली आणि तो पहिल्यांदाच अख्खा छापला. खाली दोन वेण्या घातलेली घाबरलेली काशी. तिच्या डोक्यामागे चादर, आणि चादरीच्या काठावर घट्ट आवळलेली आठ बोटं, चुलीने काळवंडलेल्या नखांची.

ओला कागद घेऊन मी बाहेर आलो. काशीने तो दोन्ही हातांत धरला. थोरली काकी पाट मांडत होती. तिने वाकून पाहिलं आणि मान हलवली. जित्या मानसाचा फोटू पाटावर चालत न्हाय, माळ घालायची हाय, ती म्हणाली. काशीला त्यातून काढायला हवं होतं.

शिवाभाऊने कात्री आणून दिली. मी ती काशीच्या चेहऱ्यापर्यंत नेली आणि परत खाली ठेवली. म्हटलं, काळा कागद लावून झाकतो.

काशीने फोटो माझ्यासमोर पाटावर सपाट ठेवला आणि दोन्ही बाजूंनी बोटांनी धरला.

"दादा, इतकी वर्सं तू तिला कापलंस," ती म्हणाली. "आता मला काप."