रक्तवाल्या मॅडम आणि बाबांचं प्रेशर

कुणाच्या आजोबांना लकवा मारला होता हे कळलं, की रक्तवाल्या मॅडमचा चेहरा खुलायचा. "अरे वा! आणि त्यांच्या भावाला?" असं त्या इतक्या उत्साहाने विचारायच्या की समोरचा बिचारा भांबावून जायचा. मी कोपराने ढोसायचे, "मॅडम, हळू! माणूस गेलाय त्यांचा."

मॅडम नवीन पनवेलला राहायच्या. वेगवेगळ्या समाजांच्या रक्तात पिढीजात काय फरक असतात आणि त्यांचा ब्लडप्रेशरशी काय संबंध, हे त्या शोधत होत्या. मी आगऱ्यांची पोर, बोली कळते, म्हणून मला मदतीला घेतलं. खाडीकाठची गावं, कर्नाळ्याजवळच्या आदिवासी ठाकूरवाड्या, शहरातले मोहल्ले, सगळीकडे फिरलो. त्या ओट्यावर खडूने घराण्याचं झाड काढायच्या आणि म्हाताऱ्या बायका सात पिढ्या अशा घडाघडा सांगायच्या की खडू पुरायचा नाही. काय दिवस होते ते!

माझी धास्ती मात्र घरातच होती. आजोबा बावन्नाव्या वर्षी गेले, काका चोपन्नाव्या, दोघंही मेंदूतली नस फुटून. बाबा तेव्हा त्रेपन्न वर्षांचे, प्रेशर कायम चढलेलं. गोळीचं नाव काढलं की म्हणायचे, "आमच्या रक्तातच हाय ते. गोली काय करनार?"

"काका, रक्त वडिलांचं असेल, जीव तुमचा आहे," मॅडम त्यांना सांगायच्या. बाबा हसून विषय बदलायचे.

मग आमच्या गावाची तपासणी ठरली. शेजारच्या गावात बऱ्याच जणांचं प्रेशर जास्त निघाल्याची बातमी आधीच पोचली होती. झालं! गावकीची बैठक बसली. गावाचं नाक कापलं जाता कामा नये! ज्यांच्या घरी गोळ्या होत्या त्यांनी आठवडाभर आपापल्या अख्ख्या आळीला वाटल्या आणि मला पत्तासुद्धा लागू दिला नाही. तपासणीच्या दिवशी सगळं गाव नॉर्मल! मॅडम चक्रावल्या. तेवढ्यात एका आजीने विचारलं, "आमी पास ना, बाय? आठ दिस शेजारनीच्या गोल्या खाल्ल्या!"

मॅडम अशा भडकल्या! "दुसऱ्याची गोळी खाता? कुणाचं बरंवाईट झालं असतं म्हणजे?" सगळी मेहनत पाण्यात गेली होती. मग त्यांची नजर बाबांच्या कागदावर पडली आणि त्या ताडकन उठल्या.

"काका, तुम्हीपण घेतलीत?"

"गावासाठी घेतली," बाबा पुटपुटले.

"रक्त तेच, वडील तेच. मग प्रेशर उतरलं कसं?"

बाबा गावासाठी गोळी खातात, आमच्यासाठी नाही! मला इतका संताप आला की मी सगळ्यांदेखत रडले. दुसऱ्या दिवशी बाबा आपल्या पायाने डॉक्टरकडे गेले.

मॅडमनी महिनाभराने सगळी तपासणी पुन्हा केली. काम आटोपून पनवेल सोडताना त्यांचे डोळे लकाकत होते. "अगं, गंमत बघ! समाजासमाजांत फरक आहेत, पण कधीकधी एकाच घरातल्या दोन भावांत त्याहून जास्त. कुणावर शिक्का मारायची सोयच नाही!" त्यांचं हे वेड मलाही लागलं. मी आज लॅबमध्ये आहे ती त्यांच्यामुळेच.

गेल्या महिन्यात बाबांना साठ पूर्ण झाली. मॅडमना फोन केला, तर त्या आनंदाने ओरडल्याच. बाबांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"बाय, साठीच्या फुडं कसं असतं वो? कोनाला इचारू? आमच्या घरात तिथवर कोन पोचलाच नाय."