उम्मेहानीच्या नावावर

उम्मेहानीचा हात आधी चालायचा, तोंड मागून. हडपसरच्या बसमध्ये अंगचटीला आलेल्या एकाचं नाक तिने डब्याने फोडलं होतं, आणि वर कंडक्टरला सुनावलं होतं, "तिकीट काढलंय मी. उतरायचं तर याला उतरवा." धाकटा भाऊ शहेजाद मात्र भांडण दिसलं की चपला शोधायचा.

डोकं त्याचं तल्लख, हे मान्य. टँकरवाला सोसायटीच्या टाकीत खरोखर किती पाणी ओततो, हे मोजणारा प्रोग्राम त्याने लिहिला. इतर सोसायट्यांनाही वापरता यावा म्हणून इंटरनेटवर सार्वजनिक रेपो, म्हणजे कुणालाही बघता येईल असं कोडचं कोठार, उघडून सगळा कोड तिथे ठेवला. खातं अर्थातच टोपणनावाने. टँकरवाल्यांशी उघड वैर कोण घेणार! पण या दीडशहाण्याचा लॅपटॉप आपाचा, म्हणजे उम्मेहानीचाच, जुना होता आणि त्यात तिचंच नाव भरलेलं होतं. कोडमधल्या प्रत्येक बदलापुढे लेखक म्हणून तेच उमटत राहिलं. टँकरवाल्याच्या गिऱ्हाइकांत त्या नावाची बाई एकच होती.

रविवारी दुपारी टँकरवाल्याचे तिघे दारात आले. "उम्मेहानी कोन हाय? लई कोड टाकती म्हनं!"

ती चपात्या भाजत होती. तिने वळून भावाकडे पाहिलं. त्याचं उतरलेलं तोंड बघूनच ती काय ते समजली.

"मीच," ती म्हणाली.

आत घुसलेल्या पहिल्याच्या गालावर तिने तापलेला तवा हाणला. तो गुरासारखा ओरडला. दुसऱ्याने तिचे केस धरून कपाळ चौकटीवर आपटलं. रक्त डोळ्यांत उतरलं तरी ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली. मग तिसऱ्याने तिचा उजवा हात उंबऱ्यावर दाबला आणि लोखंडी पाना घातला. एकदा, पुन्हा, पुन्हा. हाड मोडल्याचा आवाज शहेजादने ऐकला, बाथरूमला आतून कडी लावून. 'कोड माझा आहे,' एवढंच म्हणायचं होतं. तेवढंही म्हणाला नाही मेला.

हॉस्पिटलात मात्र ढसाढसा रडला. "आपा, मी सगळ्यांना खरं सांगतो."

"सांग की. मी कुठे अडवलंय?"

पुढच्या रविवारी सोसायटीने तिचा सत्कार ठेवला. "हा कोड लिहिणारी आमची वाघीण!" म्हणत अध्यक्ष तात्यारावांनी शाल घातली. हात प्लास्टरमध्ये, म्हणून नारळ तिच्या वतीने शहेजादने घेतला.

"भाऊ म्हणून दोन शब्द बोला," तात्यारावांनी माइक पुढे केला.

उम्मेहानी त्याच्याकडे बघत होती. शहेजादने घसा खाकरला.

"आपाचा आम्हाला फार अभिमान आहे," तो म्हणाला.