देव आणायला घेतलेली होडी

बाबांनी होडी घेतली तेव्हा घरात त्यांच्याशी कोणी धड बोलत नव्हतं. मी तर मुळीच नाही. आमचं मिठागर सरकारी भूसंपादनात गेलेलं, त्याला कुंपण पडलेलं, आणि हा साठीला टेकलेला माणूस पनवेलच्या खाडीत शिडाची होडी घेऊन करणार काय होता? भाऊ रिक्षा चालवायचा. तो म्हणाला, म्हातारा कामातून गेला. मी गावातल्या एका दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घ्यायला बसायचे. मला आठवड्यातून एक रविवार सुट्टी, आणि बाबांचा डोळा त्या रविवारवर होता. होडीला दुसरं माणूस लागतं म्हणे.

होडीमागचं कारण मात्र आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मिठागराच्या बाहेरच्या बांधाला, खाडीकडून, भरतीचं पाणी आत घ्यायची एक लाकडी झडप होती. आम्ही तिला उघडी म्हणतो. त्या उघडीच्या डोक्यावर आमचा देव होता. कलिंगडाएवढा काळा दगड, वर्षानुवर्षांच्या शेंदराने गुळगुळीत झालेला. त्याला नाव नव्हतं, सगळे नुसतं बांधावरचा म्हणायचे. दिवाळी झाली की हंगामाचं पहिलं पाणी आत घ्यायच्या आधी बाबा त्याच्यापुढे नारळ फोडायचे, पाणी घेऊ का म्हणून मोठ्याने विचारायचे आणि मगच झडप उचलायचे. जमीन गेली तेव्हा त्यांची समजूत अशी की आतलं जाईल, बांध राहील. म्हणून देव हलवला नाही. मग कुंपण आलं, फाटकावर पहारेकरी आला, आणि पाठोपाठ भरावाचे डंपर आले. भराव बांधापर्यंत पोचायच्या आत देव घरी आणायचा एवढं एकच बाबांच्या डोक्यात होतं. रस्त्याने कोणी आत सोडत नव्हतं. पाण्याकडून कुंपण नव्हतं.

होडी उरणकडच्या एका कोळ्याची. त्याने मशीनची बोट घेतली होती, ही काठावर पडून होती. देताना त्याने बाबांची यथेच्छ टर उडवली. "तुमी आगरी मानसं पान्याला घरात बोलवता. पान्याच्या घरात कवा गेलाव का?" बाबा हसले. ते खरंच कधी गेले नव्हते. जन्म सगळा खाडीच्या काठावर काढला, पण खाडीकडे पाठ करून. पाणी आत आलं की त्यांचं काम सुरू व्हायचं, बाहेर ते काय करतं याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

पहिल्या रविवारी शिडाची आडवी काठी माझ्या डोक्यात बसली. दुसऱ्या रविवारी आम्ही ओहोटीत अडकलो आणि भरती येईपर्यंत तिवरांच्या झाडीत डास मारत बसलो. मी बाबांना नाही नाही ते बोलले. ते शांतपणे दोरीच्या गाठी सोडवत राहिले. हळूहळू जमायला लागलं. सकाळी जमिनीकडचा वारा खाडीच्या तोंडाकडे नेतो आणि दुपारी समुद्राचा वारा घरी आणतो, एवढं कळलं की निम्मं काम झालं. एखाद्या वेळी शीड भरायचं, वल्ही आत घेतली जायची, आणि होडीखालून पाणी सरकल्याचा तेवढा आवाज उरायचा. सुकाणूशी बसलेल्या बाबांच्या तोंडावर तेव्हा एक हसू यायचं. आमच्या घरात ते हसू मी पाहिलेलं नव्हतं. मला ते रविवार आवडायला लागले होते. घरी मी तसं कबूल केलं नाही.

खाडी मात्र बघवत नव्हती. गावाची गटारं जिथे मिळतात तिथे पाण्याला रंग होता, तिवरांच्या मुळ्यांना पिशव्या लोंबत होत्या. पुढे गेलं की दोन्ही अंगांनी भरावाच्या लाल जिभा पाण्यात आलेल्या. दूर जासईच्या बाजूला डोंगर फोडत होते, सुरुंगाचा आवाज पाण्यावरून यायचा आणि चिखलावरचे निवटे मासे टुणकन बिळात जायचे. खाडीच्या ज्या फाट्याने आमच्या बांधापर्यंत जायचं, तो आम्हाला सापडेचना. बाबा कर्नाळ्याच्या सुळक्याकडे बघून दिशा धरायचे आणि प्रत्येक वेळी नव्या मातीच्या ढिगापाशी येऊन थांबायचे. "इथं वाट व्हती," म्हणायचे. शेवटी एका रविवारी लांबून बांध दिसला. उघडीचे दोन उभे खांब दिसले, आणि त्यांच्यामध्ये शेंदराचा ठिपका. मध्ये नुसता चिखल होता. बाबा उभे राहिले, होडी डचमळली, मी ओरडले. त्यांनी हात जोडले होते.

"पुनवेला उधाण हाय," ते म्हणाले. "पानी उघडीला लागंल. होडी थेट त्याच्या पायाशी न्हेतो."

कार्तिकातल्या पौर्णिमेला मी दवाखान्यात खोटं सांगून रजा काढली. आईने देव्हाऱ्याशेजारी कोनाडा सारवून ठेवला होता. सकाळी निघालो, वारा बरा होता, आणि बांधापासून हाकेच्या अंतरावर होडी चिखलाला टेकली. भरती चढत होती, पण बाबांच्या हिशोबापेक्षा मागे होती. त्यांचा हिशोब आमच्या उघडीचा. या वेळेला तिथे पाणी लागलेलंच असायचं. आता भरावांनी खाडी आवळलेली, तोंडाशी गाळ साचलेला, पाणी पोचायला उशीर होत होता. थोडं थांबलो असतो तर काम झालं असतं. पण बांधाच्या पलीकडे डंपर आला. बांधाच्या वर आम्हाला फक्त त्याची उचललेली पाठ दिसली, मग दगड घसरल्याचा लांबलचक आवाज आला.

बाबा होडीतून उतरले.

कोळी हे कधी करणार नाही. पण आमच्या लोकांचा चिखलावर विश्वास. मिठागराची जमीन आम्ही पायांनी तुडवून तुडवून घट्ट करतो, इतकी की तिच्यावर मीठ धरलं तरी त्याला माती लागत नाही. बाबांच्या बापाने ती तुडवली, बाबांनी तुडवली, सहावी-सातवीत असताना मीही तुडवली. चिखल दिसला की आमचा पाय आपोआप पुढे पडतो. बाबांचे दोन पाय पडले, तिसरा गुडघ्यापर्यंत गेला. तो काढायला त्यांनी दुसऱ्यावर जोर दिला आणि ते कमरेपर्यंत आत गेले.

मी वल्हं आडवं टाकलं, ते धरून ओढलं. बाबा येईनात, उलट होडीच कलायला लागली. तेव्हा दोरी त्यांच्या काखेखालून घेतली आणि होडीच्या आडव्या फळीला आवळून बांधली. पुढे काही सुचेना. मी बांधाकडे तोंड करून ओरडत होते. पलीकडे डंपरांची घरघर, माझा आवाज कोणाला जाणार? एक रिकामा झाला की दुसरा यायचा, पाठ उचलायचा. आधी शेंदराचा ठिपका दिसेनासा झाला, मग एक खांब कलला, मग दुसरा. बाबा ते सगळं कमरेपर्यंत रुतून बघत होते. तोंडाने काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं देवाचं नाव घेतात. वाकून ऐकलं तर ते म्हणत होते, "थांबा रं, थांबा रं."

पाणी आलं. त्यांच्या पोटाला लागलं, छातीला लागलं. मी भोकाड पसरलं. इतकी भीती मला आधी कधी वाटली नव्हती, नंतरही नाही. बाबा म्हणाले, "रडू नको गो. पान्यानंच काडायचं हाय." आणि तसंच झालं. होडी तरंगायला लागली, दोरी ताणली, बाबा कण्हले, आणि पाणी त्यांच्या गळ्याशी आलेलं असताना चिखलाने त्यांना सोडलं. मी त्यांना काठावरून आत ओढलं तेव्हा पायांच्या पोटऱ्या कालवांच्या शिंपांनी फाटलेल्या होत्या.

मी शीड फिरवायला उठले. त्यांनी माझा हात धरला. "आता पानी हाय," ते म्हणाले. "चल."

बांधापर्यंत होडी आरामात गेली. डंपर जेवणाच्या सुट्टीला गेले असावेत, कोणी नव्हतं. वर चढलो तर नजर जाईल तिथवर लाल मुरूम आणि दगड, एका पातळीत. बाबा रक्ताळलेल्या पायांनी दहा पावलं इकडे गेले, दहा तिकडे. कर्नाळ्याकडे बघितलं. परत फिरले. ज्या माणसाला अंधारात प्रत्येक वाफ्याची कड माहीत होती, तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बाय, आपलं कुटं व्हतं गो?"

मी कुठेतरी बोट दाखवलं. ते तिथे बसले आणि हातांनी दगड बाजूला करायला लागले. नखं तुटली तरी थांबेनात. मी त्यांना उठवायला गेले तेव्हा त्यांनी त्यातलाच एक दगड उचलून पोटाशी धरला. सुरुंगाने फोडलेला, कडा ताज्या, एका अंगाला सुरुंगासाठी पाडलेल्या भोकाची अर्धी खाच. "ह्योच," ते म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

समुद्राच्या वाऱ्यावर घरी आलो. वाटभर दगड त्यांच्या मांडीवर होता.

आई तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन दारात उभी होती. तिने दगड बघितला, बराच वेळ. मग बाबांच्या पायांकडे बघितलं. लग्न होऊन आल्यापासून तिने बांधावरच्याला दर वर्षी हाताने शेंदूर लावला होता. तिने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, दगड त्यांच्या हातून घेतला, न्हाऊ घातला आणि कोनाड्यात बसवला. खाचेत शेंदूर दाबून भरला. बाबांनी त्यानंतर होडी हलवली नाही, ती काठावर कुजली. पण रोज सकाळी त्या कोनाड्यापुढे उभं राहून ते काहीतरी विचारायचे आणि मगच चहाला बसायचे. पायाच्या जखमा कधी नीट भरल्याच नाहीत. एका पावसाळ्यात त्या चिघळल्या, ताप डोक्यात गेला आणि बाबा गेले.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी आईने कोनाड्यातला दगड उचलून माझ्या हातात दिला.

"खाडीत टाकून ये," ती म्हणाली. "ह्यो आपला न्हवता. त्यांच्यासाठी पुजला."